जुनी गाडी ऑइल खाते, तेव्हा ग्रेड बदलण्यापूर्वी काय तपासावे

खान्देशात मार्च उजाडला की जुन्या गाड्यांची एक तक्रार ठरलेली असते. सर्व्हिसिंगच्या वेळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरलेले ऑइल दोन-तीन महिन्यांत खालच्या खुणेशी येते, काही गाड्यांत लांबचा पल्ला मारून आल्यावर इंजिन स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) असताना ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकतो, आणि गॅरेजमध्ये गेले की "इंजिन जुने झाले, आता जाड ऑइल टाका" असा सल्ला मिळतो. जाड ऑइल टाकल्यावर काही दिवस बरे वाटते, पुढे पातळी पुन्हा उतरू लागते आणि पुढच्या खेपेला त्याहून जाड ऑइल येते. लाख-दीड लाख किलोमीटर चाललेल्या कितीतरी गाड्यांमध्ये हे असेच वर्षानुवर्षे चालू राहते. माझे स्पष्ट मत असे आहे की, ऑइल नेमके कुठून जाते हे समजल्याशिवाय ग्रेडला, म्हणजे ऑइलच्या दाटपणाच्या आकड्याला, हातच लावू नये. ग्रेड हा या तपासणीतला शेवटचा प्रश्न आहे, आणि तेव्हाही एका पायरीपेक्षा जास्त वर जाण्याची गरज सहसा पडत नाही.

आधी मोजणे

"गाडी ऑइल खाते" हे वाक्य आकड्याशिवाय निरुपयोगी आहे. सकाळी गाडी सपाट जागेवर असताना आणि इंजिन थंड असताना डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी आणि ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून त्या दिवशीचे किलोमीटर वहीत लिहावेत. गरम इंजिनवर पाहायचे असल्यास ते बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर गेलेले ऑइल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरते. त्यानंतर दर पाचशे किलोमीटरला पातळी पाहावी आणि जेवढे ऑइल वरून घालावे लागेल तेवढे मापाच्या भांड्याने मोजून घालावे. लहान गाड्यांत दोन खुणांमधले अंतर ढोबळमानाने पाऊण ते एक लिटरचे असते, त्यामुळे पातळी "अर्धी उतरली" म्हणजे किती, याचा अंदाज येतो.

हजार किलोमीटरला दोनशे-अडीचशे मिलिलिटरपर्यंत ऑइल जात असेल, तर जुन्या इंजिनाच्या मानाने ती चिंतेची गोष्ट नाही. काही उत्पादक तर हजार किलोमीटरला अर्धा लिटर आणि त्याहूनही अधिक वापर मर्यादेतलाच मानतात. अशा गाडीच्या डिकीत त्याच ग्रेडचा एक डबा ठेवावा आणि वेळोवेळी भर घालत राहावे, एवढेच पुरेसे आहे. वरच्या खुणेच्या पुढे मात्र कधीही भरू नये. पातळी फार चढली की क्रँकशाफ्ट (इंजिनाचा तळाचा फिरता दांडा) त्या ऑइलमध्ये घुसळते, फेस होतो, आणि फेसाळलेले ऑइल बेअरिंगपर्यंत धड पोहोचत नाही.

ऑइल बाहेर गळते की आत जळते

बाहेरची गळती ओळखणे सोपे आहे, तरी ती पाहिली जात नाही. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी डाग कोणत्या भागाखाली आहे ते पाहावे. टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या वरच्या झाकणाचे) पॅकिंग, ड्रेन नटचा वॉशर, ऑइल फिल्टरची रबरी रिंग, प्रेशर स्विचचे बूड आणि क्रँकशाफ्टच्या पुढच्या-मागच्या सील या नेहमीच्या जागा आहेत. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीचा इथे एक उपयोग होतो: जिथे ऑइल पाझरते तिथे ती धूळ चिकटून जाड थर बसतो, त्यामुळे इंजिन धुण्यापूर्वीच एकदा टॉर्च घेऊन नीट पाहावे. बरेच जण आधी वॉशिंग करून घेतात आणि हा पुरावा धुऊन टाकतात.

आत जळणाऱ्या ऑइलचे निदान सायलेन्सरच्या धुरावरून होते, आणि धूर कधी येतो याला महत्त्व आहे. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी सुरू केल्यावर निळसर धुराचा एक लोट येतो आणि मिनिटभरात थांबतो, तेव्हा बहुधा वॉल्व्ह सील कडक झालेल्या असतात. रबर उष्णतेने आवळत जाते आणि वरचे ऑइल गाइडमधून (वॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यातून) थेंबथेंब सिलिंडरमध्ये उतरते. गाडी ओढताना, विशेषतः चढावर, धूर सतत येत असेल तर संशय पिस्टन रिंगवर (पिस्टनभोवतीच्या कड्यांवर) जातो.

याची खात्री करायला आपल्याकडे कन्नडचा घाट उत्तम आहे. कन्नडकडून चाळीसगावकडे घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून, इंजिन ब्रेकिंगवर खाली यावे. अशा वेळी पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांत) निर्वात वाढतो आणि सील सैल असतील तर गाइडमधून ऑइल आत ओढले जाते. उतार संपून रस्ता सरळ झाला आणि ॲक्सिलरेटर दाबला, की मागे बसलेल्या माणसाने आरशात नव्हे, मागच्या काचेतून पाहावे. त्या क्षणी निळ्या धुराचा ढग उठला आणि पुढे धूर निवळला, तर दोष सीलमध्ये आहे. घाट चढताना मात्र धूर येत राहिला आणि उतारानंतर विशेष फरक दिसला नाही, तर रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्याकडे वळावे. हा फरक खर्चाच्या दृष्टीने फार मोठा आहे, कारण वॉल्व्ह सील अनेक इंजिनांत हेड न उतरवताही बदलता येतात, तर रिंगसाठी इंजिनाचे काम काढावे लागते.

पीसीव्ही वॉल्व्ह

या तपासणीत सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे पीसीव्ही वॉल्व्ह, आणि त्यावर मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. रिंगच्या बाजूने थोडा जळका वायू नेहमीच चेंबरमध्ये उतरतो, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो वायू टॅपेट कव्हरवरच्या या छोट्या वॉल्व्हमधून पुन्हा मॅनिफोल्डमध्ये घेतला जातो. वॉल्व्ह बंद अवस्थेत जाम झाला तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि ऑइल जिथे कच्ची जागा सापडेल तिथून बाहेर पडते. उघड्या अवस्थेत जाम झाला तर इंजिन ऑइलची वाफ आणि थेंब सरळ ओढून जाळते. दोन्ही प्रकारांत मालकाला वाटते की इंजिन गेले.

यावलकडच्या एका केळीबागायतदाराच्या जुन्या पेट्रोल गाडीत नेमके असेच घडत होते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलले तरी काही आठवड्यांत कडेने पुन्हा ओल यायची, ऑइल २०डब्ल्यू-५० या फार जाड ग्रेडपर्यंत नेऊन झाले होते, आणि आता इंजिन उघडायचे ठरत होते. वॉल्व्ह त्याच्या रबरी बुशातून बाहेर काढला तेव्हा त्याच्या तोंडाशी डांबरासारखा काळा, कडक लेप बसलेला होता. चांगला वॉल्व्ह कानाजवळ धरून हलवला तर आतली पिन खुळखुळते. हा हलवला तरी आवाज नव्हता. नवा वॉल्व्ह आणि तडकलेली नळी बसवल्यावर कव्हरच्या कडा कोरड्या राहिल्या, आणि ऑइल गाडीच्या पुस्तिकेतल्या ग्रेडवर परत आणले. दुसरी खूण अशी की, इंजिन स्लोवर असताना वॉल्व्ह नळीसकट बाहेर काढून त्याच्या तोंडावर बोट ठेवले, तर बोट ओढल्यासारखे वाटले पाहिजे. सर्वच गाड्यांत वेगळा वॉल्व्ह नसतो, काहींत फक्त नळ्या आणि गाळणीचा कप्पा असतो. तो तरी मोकळा आहे का हे पाहावे.

लाल दिव्याची तक्रार वेगळी आहे

ऑइल कमी होणे आणि स्लोवर दिवा लुकलुकणे यांना एकच दुखणे समजू नये. पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल तर गाडी पुढे रेटू नये. बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. प्रेशर स्विच स्वतःच खराब होतो, आणि तो स्वस्त आहे, म्हणून त्याच्या जागी यांत्रिक गेज लावून गरम इंजिनाचा खरा दाब मोजावा आणि पुस्तिकेतल्या आकड्याशी पडताळावा. दाब खरोखर कमी असेल तर चेंबरमधली जाळी गाळाने भरली आहे का, ऑइलमध्ये पेट्रोल किंवा डिझेल मिसळून ते पातळ झाले आहे का (डिपस्टिकला इंधनाचा वास येतो), पंप किंवा बेअरिंग झिजले आहेत का, हे क्रमाने पाहावे लागते. जाड ऑइलने दिवा विझतो हे खरे आहे, पण तो विझवणे म्हणजे झिजलेले बेअरिंग दुरुस्त होणे नव्हे.

आकड्यांचा अर्थ आणि खान्देशचे ऊन

डब्यावरच्या १५डब्ल्यू-४० या आकड्यातला डब्ल्यूसह असलेला पहिला भाग थंडीतल्या वर्तनाचा आहे आणि दुसरा भाग इंजिन पूर्ण तापल्यावरच्या दाटपणाचा. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकानुसार शंभर अंश सेल्सियसला ३० ग्रेडचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक), ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक यांदरम्यान असावा लागतो. पहिल्या भागाच्या चाचण्या शून्याखालच्या तापमानावर होतात. २०डब्ल्यू ऑइलची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे पंधरा अंशांवर होते. धुळे-नंदुरबारकडे थंडीत पारा दहा अंशांखाली उतरतो, तरीही त्या मर्यादेच्या आसपाससुद्धा आपण जात नाही, म्हणून इंजिन फिरण्यापुरती २०डब्ल्यूलाही अडचण नाही.

मात्र यावरून "आपल्याकडे इतके ऊन, म्हणजे जाडच ऑइल हवे" असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. भुसावळला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असले तरी इंजिनाच्या दृष्टीने ती थंडच सुरुवात असते, कारण त्याचे काम नव्वद-शंभर अंशांच्या पुढे चालते. चाळीस अंशांवर २०डब्ल्यू-५० ऑइल ५डब्ल्यू-३० च्या तुलनेत ढोबळमानाने अडीच पट दाट असते, आणि सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत, जेव्हा झीज सर्वांत जास्त होते, तेव्हा ते कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोहोचते. दुसरे असे की, चालत्या गाडीत पाण्याचे तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो, त्यामुळे रेडिएटर आणि पंखा ठीक असतील तर बाहेर ३० अंश आहेत की ४५, याचा ऑइलच्या तापमानावर लोक समजतात तेवढा परिणाम होत नाही. तो परिणाम होतो ओझ्याने. आखाजीला किंवा लग्नसराईत गाडी माणसांनी भरून, एसी पूर्ण सोडून, सुरत-नागपूर महामार्गावर भर दुपारी पारोळा-एरंडोल गाठताना ऑइल खरेच जास्त तापते, आणि रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू-धूळ अडकलेली असेल तर आणखी तापते. म्हणून उन्हाळ्याआधी रेडिएटर बाहेरून धुऊन घेणे आणि कूलंट बदलणे हा ऑइलच्याच काळजीचा भाग आहे.

एक आकडा सहसा कोणी सांगत नाही, तो इथे सांगणे आवश्यक वाटते. बेअरिंगमध्ये ऑइलचा थर किती टिकतो हे दीडशे अंशांवर, वेगवान घर्षणाखाली मोजले जाते, आणि त्यासाठी मानकातली किमान अट ३० ग्रेडला २.९, १०डब्ल्यू-४० ला ३.५, तर १५डब्ल्यू-४० ला ३.७ मिलिपास्कल-सेकंद अशी आहे. ५० ग्रेडची किमान अटही ३.७ चीच आहे. प्रत्यक्षात बहुतेक २०डब्ल्यू-५० ऑइले त्याच्या वर असतात हे मान्य, पण चांगल्या १५डब्ल्यू-४० ऑइलवर चालणाऱ्या निरोगी जुन्या इंजिनाला ५० वर नेण्याची निकड मानकात कुठेही दिसत नाही.

मग निवड कशी करावी

सुरुवात गाडीच्या पुस्तिकेतून करावी. अनेक जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांत एकच ग्रेड न देता बाहेरच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेडचा तक्ता दिलेला असतो, आणि आपली निवड त्या तक्त्याच्या आत राहिली पाहिजे. १९९० च्या दशकातल्या आणि २०१० पर्यंतच्या साध्या पेट्रोल इंजिनांत, पुस्तिकेने मुभा दिली असेल तर, वर सांगितलेल्या सर्व तपासण्या झाल्यावरही ऑइल बेताने जात असल्यास १०डब्ल्यू-३० वरून १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० वर यावे. २०डब्ल्यू-५० हे बोअर-रिंगची झीज तपासणीत सिद्ध झाली आहे, पण इंजिनाचे काम वर्षभर पुढे ढकलायचे आहे, अशा गाडीसाठी राखून ठेवावे. ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीसारख्या पुशरॉड इंजिनांची गोष्ट वेगळी. तिथे ४० किंवा ५० ग्रेड स्वाभाविक आहे, शिवाय एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या ऑइलच्या अलीकडच्या गुणवत्ता-वर्गांत पातळ ग्रेडवर असलेली फॉस्फरसची मर्यादा या जाड ग्रेडला लागू होत नाही आणि तो घटक जुन्या सपाट टॅपेटला झिजेपासून वाचवतो.

ज्या इंजिनांत वॉल्व्ह टायमिंग (वॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) ऑइलच्या दाबावर बदलते, किंवा हायड्रॉलिक टॅपेट आणि चेन टेन्शनर ऑइलवर चालतात, तिथे बारीक वाटा दाट ऑइलसाठी बनवलेल्या नसतात. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुन्टो अशा कितीतरी गाड्यांत असलेले १.३ लिटरचे डिझेल इंजिन याच प्रकारचे आहे. त्याची चेन आणि टर्बो दोन्ही वेळेवर मिळणाऱ्या ऑइलवर अवलंबून असतात. त्यात २०डब्ल्यू-५० घालणे मला अजिबात मान्य नाही. ५डब्ल्यू-३० सांगितलेले असेल तर फार तर ५डब्ल्यू-४० पर्यंत जावे, आणि वर्ग पुस्तिकेत दिलेलाच असावा.

वर्गाबाबत थोडक्यात: पेट्रोलसाठी एपीआयचे एसएल २००१ मध्ये, एसएम २००४ मध्ये, एसएन २०१० मध्ये आणि एसपी २०२० मध्ये आले. नवा वर्ग जुन्याची जागा घेऊ शकतो, उलट चालत नाही. डिझेलसाठी सी अक्षराने सुरू होणारा वर्ग पाहावा. मोटारसायकलचे ऑइल गाडीत आणि गाडीचे मोटारसायकलमध्ये घालू नये.

सिंथेटिक ऑइलने जुने इंजिन गळू लागते, ही समजूत अर्धी खरी आहे. आजचे सिंथेटिक सीलला इजा करत नाही, परंतु वर्षानुवर्षे साचलेला गाळच एखाद्या कडक सीलची फट बुजवून बसलेला असेल, तर चांगले ऑइल तो गाळ सोडवते आणि लपलेली गळती उघडी पडते. माझ्या मते लाखाच्या पुढच्या गाडीला सेमी-सिंथेटिक हा बहुतेक वेळा योग्य मध्यम मार्ग आहे. जास्त चाललेल्या गाड्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ऑइलमध्ये सील मऊ ठेवणारे घटक असतात आणि वॉल्व्ह सीलच्या सौम्य तक्रारीत त्यांचा फायदा होऊ शकतो, मात्र ते मिळाले नाही म्हणून अडून राहू नये.

गाळ फार असेल तर चेंबरमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन चालवण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ती कृपया करू देऊ नका. त्या काही मिनिटांत बेअरिंगवर थरच राहत नाही, आणि सुटलेल्या गाळाचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात. त्याऐवजी दोन वेळा लागोपाठ, दर दोन-अडीच हजार किलोमीटरला, ऑइल आणि फिल्टर बदलावा. गाळ सावकाश निघतो. धूर बंद करण्याची हमी देणाऱ्या बाटल्यांतले मिश्रण बहुधा ऑइल दाट करण्यापुरतेच काम करते.

एअर फिल्टर, गॅस किट आणि डबा

रावेर-चोपड्याकडचे शेतरस्ते आणि कापूस वेचणीच्या दिवसांतली धूळ ज्या गाड्या खातात, त्यांच्या रिंग एअर फिल्टरमुळे झिजतात. फिल्टर बदललेला असतो, पण डब्याच्या क्लिपा सैल असतात किंवा नळीला चीर गेलेली असते आणि बारीक वाळू सरळ आत जाते. फिल्टरच्या पलीकडच्या नळीत बोट फिरवून पाहावे. बोटाला धूळ लागली तर कोणत्याही ग्रेडचे ऑइल त्या इंजिनाला वाचवू शकत नाही. अशा धुळीत आणि छोट्या फेऱ्यांत चालणाऱ्या जुन्या गाडीचे मिनरल ऑइल पाच हजार किलोमीटरला आणि सेमी-सिंथेटिक साडेसात हजारांच्या आत बदलावे. किलोमीटर झाले नाहीत तरी वर्ष उलटू देऊ नये. गॅस किटवरच्या गाडीत ऑइल उशिरापर्यंत स्वच्छ दिसते, म्हणून रंगावर विसंबून राहू नये. डिझेलमध्ये ते लवकर काळे पडते, तेही बिघाडाचे लक्षण नाही.

डबा सीलबंद आणि बिलासह घ्यावा, बॅरलमधले सुटे ऑइल घेऊ नये, आणि ऑइल आपल्यासमोर ओतून झाल्यावर रिकाम्या डब्याला भोक पाडावे, म्हणजे तो पुन्हा भरून विकला जाणार नाही. प्रवासात अडचण आली तर त्याच ग्रेडचे आणि वर्गाचे दुसऱ्या ब्रँडचे ऑइल वरून घालायला हरकत नाही. एपीआयच्या वर्गातली ऑइले एकमेकांत मिसळण्याजोगी असावीच लागतात.

ग्रेड बदलल्यावर पहिल्या दोन हजार किलोमीटरची नोंद पूर्वीसारखीच वहीत ठेवावी. वापर जवळजवळ तेवढाच राहिला, तर आणखी जाड ऑइल न आणता कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) तपासून घ्यावे. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजायला सांगावे: आकडा स्पष्टपणे वर चढला तर रिंग झिजल्या आहेत, आणि तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे लागेल. मिस्त्रीशी खर्चाचे बोलणे या दोन आकड्यांचा कागद हातात आल्यावरच करावे.